केर भेटस

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावी गेलो होतो. दुपारचा एक वाजलेला, पारा 44 च्या पुढे, घरावरचे पत्रे तापून कडकड वाजत होते. म्हणून मारुतीच्या देवळात जाऊन आडवा झालो. देवळात आता गुळगुळीत फरशी आहे, ग्रिल आहे, वर पंखा आहे. डोळा लागतो न लागतो तोच लाइट गेली. पंखा रमतगमत थांबला आणि पात्यावरची लाल अक्षरं वाचता येऊ लागली. 'सप्रेम भेट', पुढे नाव, पुढे गाव. तिन्ही पात्यांवर तेच. बिचारा दाता! पंखा चालू असेपर्यंत अनामिक, भारनियमन झालं की प्रसिद्ध.

मग नजर फिरतच राहिली. घंटेवर नाव, घड्याळावर नाव, पाण्याच्या टाकीवर तर सहकुटुंब सहपरिवार. नाव नव्हतं ते फक्त दाराआडच्या खराट्यावर.

तो पाहिला आणि मोठी माय आठवली, माझ्या वडिलांची आई. देवळाची झाडलोट तिच्याकडे कुणी सोपवली नव्हती. घराला चुना लागायचा वर्षातून एकदा, श्रावणात कानबाई देवी बसायच्या आधी. देऊळ मात्र रोज झाडलं जायचं. सगळ्यात वाईट रविवार. शनिवारी अख्खं गाव मारुतीला तेल घालून जायचं आणि ते तेल शेंदूर घेऊन उंबऱ्यापर्यंत ओघळलेलं असायचं. मोठी माय त्यावर चुलीतली राख पसरायची. राख तेल पिते आहे तोवर रुईच्या सुकलेल्या माळा गोळा करायची, मग नारळाच्या करवंटीनं खरवडायला बसायची. तो खर्र खर्र आवाज माझ्या दातांत जायचा. एकदा मी विचारलं, एवढं करून तुला मिळतं काय? मान वर न करता म्हणाली, "काय भेटस? केर भेटस."

पुराणांतला हिशेब याहून उदार. देवळातले धुळीचे जेवढे कण झाडाल तेवढी वर्षं स्वर्ग. लिहिणाऱ्यानं वैशाखातला खानदेश पाहिलेला नसावा. काळ्या रानातली एक वावटळ गाभाऱ्यात शिरली तर स्वर्गातली जागा पुरायची नाही. तिकडे पुरीला रथयात्रेत गजपती राजा सोन्याच्या मुठीच्या झाडूनं रथ झाडतो. आमच्या खराट्याला मूठ सुतळीची, तीही सुटत आलेली.

भागवताच्या 11 व्या स्कंधात कृष्ण उद्धवाला भक्ताची कामं सांगतो. त्यात देवळाचं झाडणं-सारवणं आहे, तेही घरच्या गड्यासारखं, मनात काही न ठेवता. लगेच पुढच्या श्लोकात दोन अटी येतात. केलेलं बोलून दाखवू नये, आणि मला वाहिलेल्या दिव्याचा उजेड स्वतःच्या कामाला घेऊ नये. पहिलीत आपला पंखा बसतो. दुसरी वाचली तेव्हा मी चाळिशी ओलांडलेली होती, आणि वाचता वाचता पुस्तक मिटून ठेवलं.

सात-आठ वर्षांचा असेन. पायात बाभळीचा काटा मोडलेला, गावात मिट्ट काळोख, उजेड काय तो समईचा. गाभाऱ्याच्या तोंडाशी तंगडी वर करून मी सेफ्टी पिनेनं टोकरत बसलो होतो. मोठी माय वात सारायला आली.

"देवना दिवा शे तो, तुन्हा नही."

बखोट धरून तिनं मला ओट्यावर नेलं. तळपाय मांडीवर घेतला, थुंकी लावली, आणि अंधारात नुसत्या अंगठ्यानं चाचपून काटा काढला. सही करायची वेळ आली की ती अंगठाच पुढे करायची. उद्धव तिला कुठून माहीत असणार!

लाइट काही येईना. उठलो आणि देऊळ झाडून काढलं. पाठीला खडे टोचत होते म्हणून. तरी थोडंफार खात्यावर पडलं असेलच. आता लिहून बसलो, म्हणजे तेही गेलं.

खराटा दाराआड ठेवताना आडवा ठेवला. उभा ठेवलेला तिला चालायचा नाही. का, ते विचारायचं राहून गेलं.