"काही विचारायचंय का?" – माझा अनुभव

मी बीकॉम, साताऱ्यात एका सीएंकडे तीन वर्षं काम केलेलं, टॅली, जीएसटी, टीडीएस सगळं हाताखालून गेलेलं, तरी पुण्यातले पहिले दोन इंटरव्ह्यू गेलेच. दोन्हीकडे शेवट सेम. "तुम्हाला काही विचारायचंय का?" "नाही सर, थँक्यू." आणि मी अशी उठले की जणू दाढ काढून झाली. एका ठिकाणी तर काचेचं दार ओढायचं होतं ते मी ढकलत बसले, शेवटी शिपाईकाकांनी उघडून दिलं.

तिसरा भोसरी एमआयडीसीत होता, अकाउंट्सला. पहाटेची एसटी, स्वारगेटवरून मेट्रोने नाशिक फाटा, पुढे रिक्षा. यावेळी एसटीत उजळणी केलीच नाही, वहीच्या मागच्या पानावर मलाच त्यांना काय विचारायचंय तेवढं लिहून काढलं. यूट्यूबवाले सांगतात कंपनीचं व्हिजन विचारा म्हणून, अहो पन्नास माणसांच्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये व्हिजन काय विचारता.

सगळं बरं चाललेलं आणि सरांनी विचारलं, मार्चमध्ये कापलेला टीडीएस कधीपर्यंत भरायचा? मी ठोकून दिलं, ७ एप्रिल. सर नुसते "हं" म्हणाले आणि कागदावर काहीतरी खरडलं. त्या "हं"नेच कळलं काहीतरी हुकलंय. पुढे जीएसटीची रिटर्न्स, म्हणजे विक्रीचं जीएसटीआर वन ११ तारखेला, कर भरायचं थ्रीबी २० तारखेला, असं मी धडाधड सांगत होते पण डोकं तिथंच अडकलेलं.

मग आलाच तो प्रश्न. मी म्हटलं, "सर, त्याआधी एक. मघाशी मी चुकीचं सांगितलं, बाकीच्या महिन्यांचा ७ तारखेपर्यंत असतो, मार्चचा ३० एप्रिलपर्यंत."

सर पहिल्यांदा हसले. "मग तेव्हाच का नाही सांगितलं?"

"तेव्हा आठवलं नाही सर." खरं तेच होतं, दुसरं काय सांगणार.

मग वही उघडली. टूबी म्हणजे सप्लायरांनी आपापली बिलं भरली की जीएसटी पोर्टलवर आपल्या नावाने तयार होणारी खरेदीची यादी, त्याचंच विचारलं. "१४ तारखेला टूबी आलं की खरेदीशी मॅच कोण करतं? आणि ज्या सप्लायरचं बिल त्यात दिसतच नाही त्याच्यामागे फोन करून कोण लागतं?"

सर आणि एचआरच्या मॅडम एकमेकांकडे बघायला लागले. आधीचा मुलगा सोडून गेलेला, बिलं तशीच पडलेली, त्यामुळे क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या जीएसटीची वजावट) अडकलेलं, पुढची पाच-सात मिनिटं सरच बोलत होते आणि मी लिहून घेत होते, म्हणजे इंटरव्ह्यू कुणाचा चाललाय तेच कळेना. पगाराचं मी मुद्दाम काढलं नाही, मॅडमनी विचारला तेव्हा आकडा सांगितला आणि गप्प बसले. नोटीस ३० दिवस आहे हे मात्र स्वच्छ सांगितलं, आणि निकाल मेलवर कळवणार की फोनवर, तेही विचारून घेतलं. उठताना खुर्ची आत सरकवली, दाराकडे नीट बघितलं. ओढायचंच होतं.

परत स्वारगेटला गाडी लागेपर्यंत मोबाईलवरूनच चार ओळींचा मेल टाकला, थँक्यू आणि त्यांनी मागितलेलं अनुभवाचं पत्र जोडून. दादा म्हणत होता व्हॉट्सअ‍ॅप कर, म्हटलं नको, ते लोचटपणाचं वाटतं.

सहाव्या दिवशी फोन आला. मागितल्यापेक्षा दीड हजार कमी, घेतले. आणि हो, सप्लायरला फोन करायचं काम आता माझ्याच गळ्यात पडलंय.