पाठपोट

‘झेरॉक्स’ हे मूळचे एका कंपनीचे नाव, पण मराठीत ते दुकानही आहे, यंत्रही आणि त्यातून निघणारा गरम कागदही. तहसील कचेरीसमोरच्या कुठल्याही झेरॉक्सवाल्यापुढे आधार कार्ड धरा, तो मान वर न करता विचारतो, “पाठपोट, की एकाच बाजूला?” आपण सांगतो, “एकाच बाजूला, दोन कॉप्या काढा.” त्यावर प्रकाशाची पट्टी सरकते आणि आपले नाव, जन्मतारीख, पत्ता, फोटो आणि बारा आकडे कागदावर उतरतात. हा कागद पुढे कुठे जाणार, हे ना तो विचारतो, ना आपण.

देशातले पहिले आधार क्रमांक 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात वाटले गेले. तेव्हा कल्पना अशी होती, की माणसाची ओळख यंत्राने पटवायची, बोटाच्या ठशाने किंवा मोबाईलवर येणाऱ्या ओटीपीने. आपण मात्र तिची झेरॉक्स काढली आणि फाईलला टाचली. कार्डावरचा क्यूआर कोड स्कॅन केला की नाव, पत्ता, फोटो खरे आहेत की नाही ते कळते. त्यात पूर्ण क्रमांकही नसतो, फक्त शेवटचे चार आकडे असतात. पण लॉजच्या काउंटरवर किंवा सोसायटीच्या ऑफिसात तो स्कॅन करतो कोण? तिथे ‘कॉपी जोडली आहे’ एवढेच बघतात. त्या कॉपीतला क्रमांक खोटा असला तरी फाईलला काही फरक पडत नाही.

2022च्या मे महिन्यात आधार देणाऱ्या प्राधिकरणाच्या (यूआयडीएआय) बंगळुरू कार्यालयाने पत्रक काढले, की आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, द्यायचीच तर मास्क केलेली, म्हणजे क्रमांक अर्धवट झाकलेली द्या. लोक घाबरले. दोन दिवसांत सरकारने पत्रक मागे घेतले आणि ‘नेहमीची सावधगिरी बाळगा’ असे सांगितले. पत्रक गेले तरी मास्क केलेल्या आधारची सोय अजून आहे. माय-आधारच्या संकेतस्थळावर क्रमांक आणि ओटीपी घालून लॉगिन करायचे, डाउनलोडच्या आधी ‘मास्क्ड’ची चौकट टिक करायची. पहिले आठ आकडे फुल्यांखाली जातात, क्यूआर मात्र चालतो. पीडीएफला पासवर्ड असतो: इंग्रजी नावाची पहिली चार अक्षरे कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्माचे साल. म्हणजे सुरेश, जन्म 1980, तर ‘एसयूआरई1980’. ज्याला आपले नाव आणि वय ठाऊक आहे त्याला हे कुलूप म्हणजे कडी.

शिवाय पीडीएफ छापायला पुन्हा झेरॉक्सवाल्याकडेच जावे लागते. “व्हॉट्सॲप करा या नंबरवर,” असे भिंतीवरच लिहिलेले असते. फाईल त्याच्या संगणकात उतरते आणि डाउनलोड्सच्या फोल्डरात आधीच्या गिऱ्हाइकांच्या शेजारी जाऊन बसते. आपण आपल्या फोनवरून ‘सर्वांसाठी हटवा’ दाबले तर चॅटमधली फाईल जाते, डाउनलोड झालेली जात नाही. “दादा, फोल्डरमधून उडवा, रिसायकल बिनमधूनही,” असे तिथेच उभे राहून सांगायला लागते. सांगताना संकोच वाटतो, पण तसा तो भाजीवाल्याचे वजन बघतानाही वाटतोच.

कॉपीवर सही करताना बहुतेक जण कोपऱ्यातली पांढरी जागा शोधतात. तिथली सही कात्रीने सहज निघते. सही, तारीख आणि ‘फक्त भाडेकरारासाठी’ अशी ओळ छापलेल्या मजकुरावरून तिरकी गेली पाहिजे; फोटोच्या कडेला ओलांडणारी, पण चेहरा आणि नाव न झाकणारी. पेन काळे घ्यावे. फिकट निळी शाई जुन्या यंत्रांत पुसट उतरते किंवा उतरतच नाही, आणि झेरॉक्सची झेरॉक्स काढली की आपली अट गायब.

खरे नुकसान होते ते नंबराला अंगठा मिळाल्यावर. गावोगावी बँक मित्राकडे, म्हणजे बँकेच्या गावातल्या एजंटाकडे, आधारवरून पैसे काढता येतात: क्रमांक, बँकेचे नाव आणि बोट, ओटीपी नाही. जमिनीच्या दस्तांवरचे अंगठे उचलून रबरी ठसे बनवल्याचे गुन्हे देशात नोंदले गेले आहेत. त्यावर उपाय आहे: बायोमेट्रिक लॉक, म्हणजे आपल्या ठशांनाच कुलूप. ते आधारच्या ॲपमध्येच मिळते. लॉक विसरून रेशन दुकानात गेलात तर ई-पॉसवर अंगठा लागत नाही आणि मागची रांग बोलू लागते. लॉक थोड्या वेळापुरते उघडता येते. ते घरून निघतानाच उघडावे, दुकानात ऐनवेळी रेंज नसते. आपल्या नावावर किती सिमकार्डे चालू आहेत तेही सरकारच्या ‘संचार साथी’ या संकेतस्थळावर दिसते. यादीत परका नंबर आढळला तर तिथेच ‘हा माझा नाही’ म्हणून कळवता येते.

यंत्राचे झाकण मात्र निघण्याआधी एकदा उचलून बघावे. मूळ कार्ड काचेवर विसरणारे रोज निघतात. आणि तिरकी आलेली, अर्धा पत्ता कापला गेलेली पहिली कॉपी? ती यंत्राखालच्या खोक्यात पडलेली असते. दुकानदार ती उचलतो, पालथी करतो आणि कोऱ्या बाजूवर हिशेब मांडतो: दोन कॉप्या, एक प्रिंट, एक लॅमिनेशन.