‘जेवण आपलंच असेल ना?’ : आमची वाटचाल

आमच्या ऑफिसातला फोन वाजला की पलीकडचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. विमान कुठलं, हॉटेल कसं, हे सगळं नंतर. आधी विचारायचे, "जेवण आपलंच असेल ना?" आणि 2009 ते 2015 आम्ही अभिमानाने उत्तर देत आलो, "हो, आपलंच. महाराज सोबत असतात."

मी आणि माझी धाकटी जाऊ, दोघींनी मिळून सुरू केलेली ही सहल कंपनी. सिंगापूर, मलेशिया, थायलंड. रोज वरणभात, पोळी, दोन भाज्या. त्यात वावगं काही नव्हतं आणि आजही मी ते कमी लेखत नाही. परदेशात चौथ्या दिवशी मऊ वरणभात समोर आला की माणसाचा चेहरा कसा उजळतो, ते मी कितीदा तरी पाहिलंय.

2015च्या जूनमध्ये पुढच्या मोसमाची हॉटेलं बघायला मी एकटीच मलेशियातल्या पेनांग बेटावर गेले होते. तिथल्या जॉर्ज टाऊन शहरात एक संध्याकाळ मोकळी मिळाली. हॉटेलवाल्यांनी सुचवलं म्हणून रस्त्यावरच्या खाण्याची पायी सहल घेतली. आम्ही पाच अनोळखी माणसं आणि सोबत गाईड बाई. घरची भाषा तमिळ, शेजाऱ्यांची होक्कियन ही चिनी बोली, शाळेची मलय, आणि आमच्याशी इंग्रजी. पहिल्याच कोपीटियाममध्ये, म्हणजे जुन्या चिनी कॉफीच्या दुकानात, तिने हाक मारली, "अंकल, कोपी ओ कोसोंग!" मी अर्थ विचारला. कोपी म्हणजे कॉफी, हा मलय शब्द. ओ म्हणजे काळी, हा होक्कियन. कोसोंग म्हणजे रिकामी, अर्थात बिनसाखरेची, पुन्हा मलय. एक कप कॉफी मागवायला दोन भाषा लागतात आणि तिथे कुणाला त्याचं काही विशेष वाटत नाही.

पुढे नासी कांदारच्या दुकानात गेलो. नासी म्हणजे भात. कांदार म्हणजे खांद्यावरची कावड. पूर्वी तमिळ मुसलमान फेरीवाले एका टोकाला भाताचं भांडं आणि दुसऱ्या टोकाला कालवणाचं भांडं अडकवून बंदराकडे विकायला जायचे. आता कावड गेली, दुकानं झाली, नाव तेवढं राहिलं. भातावर तीन-चार रस्से एकत्र ओतून घ्यायचे असतील तर म्हणायचं ‘बांजिर’. बांजिर म्हणजे पूर. वाढणाऱ्याला ‘अन्ने’ म्हणायचं, तमिळमधला मोठा भाऊ. शेजारच्या गाड्यावर ‘मी गोरेंग’ होतं, म्हणजे परतलेल्या नूडल्स: नूडल्स चिनी, परतणारा तमिळ मुसलमान, नाव मलय.

शेवटी तिने केळीच्या पानावर एक हिरवी गुंडाळी ठेवली. पांदानच्या सुवासिक पानांच्या रसात भिजवलेलं मऊ धिरडं, आत ओलं खोबरं आणि ताडगूळ. मी घास घेतला आणि तिथेच थांबले. मोदकाचं सारण! वेलदोडा नव्हता एवढंच. तिथे त्याला कुईह केतायाप म्हणतात.

रात्री जाऊबाईला फोन केला. म्हटलं, सहा वर्षं आपण माणसांना या गावात आणून बसमधून उतरवतोय, चार देवळं दाखवतोय आणि वरणभात वाढतोय. ती शांतपणे म्हणाली, "वहिनी, लोक येतील का पण?"

2016 साली सहा जण आले. त्यातले दोघे नात्यातले होते, हे सांगायला हवं. मला वाटलं होतं, आता रस्ते पाठ झालेत, मीच फिरवीन. पण मलेशियात गाईडला सरकारी परवाना लागतो आणि तो नियम रास्तच आहे. म्हणून मी त्याच बाईंना गाठलं. त्या पहिल्या तुकडीसाठी मी अकरा थांबे आखले होते. चौथ्यातच सगळ्यांची पोटं भरली आणि पुढच्या सात थांब्यांवर सगळे नुसते बघत उभे. आता आम्ही सहा थांबे घेतो, एक प्लेट तिघांत, साडेतीन तास. सुरुवात दुपारी साडेचारनंतर, ऊन उतरल्यावर. आणि शक्य तिथे बसून खायचं, कारण बसल्याशिवाय गाडेवाल्याशी बोलणं होत नाही.

‘चार क्वे त्याव’ या परतलेल्या नूडल्सच्या गाड्यापाशी मात्र मी सगळ्यांना उभं करते, कढईच्या अगदी जवळ. चपट्या तांदळाच्या नूडल्स, कोळंबी, शिंपल्या, मोड, चिनी पात, अंडं. चांगला गाडेवाला एका वेळी एकच प्लेट करतो, कितीही रांग असो. चार प्लेटा एकदम टाकल्या तर कढईची आग उतरते, नूडल्सना पाणी सुटतं आणि तो किंचित करपलेला, धुराचा वास येत नाही. त्या वासासाठीच तर लोक ताटकळत असतात.

नंतरचं वर्ष बरं गेलं. 2018 साली मात्र माझ्या हातून जे झालं, ते मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला सांगते.

तुकडीत एक आजी होत्या. वय त्र्याहत्तर, जन्मभर शाकाहारी, पण उत्साह असा की सगळ्यांच्या पुढे चालायच्या. एका गाड्यावर कांगकुंग नावाची पालेभाजी परतून देत होते. त्या दिवशी गाईड बाई दुसऱ्या पाहुण्यांबरोबर मागे राहिल्या होत्या. मीच विचारलं, मांस नाही ना, मासे नाहीत ना? गाडेवाला मनापासून म्हणाला, नाही. आजींनी आवडीने खाल्ली, दुसऱ्यांदा घेतली. मग गाईड बाई आल्या, त्यांनी वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. भाजीत ब्लाचान होतं. आपल्या जवळ्यासारखी बारीक कोळंबी मिठात आंबवून, वाळवून, कुटून केलेली वडी. गाडेवाला खोटं बोलला नव्हता. त्याच्या लेखी ब्लाचान म्हणजे मासा नव्हे, मसाला. आपण फोडणीतला हिंग वेगळा मोजतो का?

मला ते आजींना सांगावं लागलं. त्यांनी काटा खाली ठेवला, रुमालाने तोंड पुसलं आणि एवढंच म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत." त्या रात्री त्यांनी पाण्याशिवाय काही घेतलं नाही. मी पैसे परत देऊ केले, ते त्यांनी घेतले नाहीत. घेतले असते तर मला हलकं वाटलं असतं.

परतल्यावर मी आणि जाऊबाई तीन आठवडे एकाच कामाला बसलो. आमच्या वाटेवरच्या प्रत्येक गाड्यावरच्या प्रत्येक पदार्थाची चौकशी गाईड बाईंकडून करून घेतली. नुसतं ‘शाकाहारी का’ एवढं नाही विचारलं. रस्सा कशाचा, तेल कसलं, चटणीत काय, वरून काय भुरभुरता? हाती आलं ते आम्हालाच नवं होतं. चार क्वे त्याव बहुतेक चिनी गाड्यांवर डुकराच्या चरबीत होतो. मुसलमान गाड्यावर तोच पदार्थ तेलात मिळतो. रोजाक म्हणजे फळांचीच कोशिंबीर, पण तिच्यावरची काळी, गोड चटणी कोळंबीची. आसाम लाक्सा (आसाम म्हणजे आंबट) हा नूडल्सचा पदार्थ तर माशाच्याच रश्शातला. पण त्याच्या आंबटपणाची गोष्ट मला फार आवडते: चिंचेबरोबर त्यात आसाम गेलुगोरच्या वाळवलेल्या चकत्या पडतात, आणि ते झाड आपल्या कोकमाच्याच कुळातलं. पेनांगमधल्या गेलुगोर या भागाला नाव त्या झाडावरूनच मिळालंय. जायफळाचंही तसंच. आपण बी किसून श्रीखंडात घालतो आणि फळाचा गर कधी बघतही नाही. तिथे त्या गराचं सरबत करतात, तो साखरेत मुरवून वाळवतात. शाकाहारी माणसाला हे बिनघोर देता येतं.

ती यादी आता मराठीत छापून प्रत्येकाच्या हाती निघण्याआधी पडते. फोनवर ‘जेवण आपलंच ना’ असं विचारलं की आम्ही सांगतो, "आपलं नाही, पण प्रत्येक घासात काय आहे ते आधी सांगू." एवढं सांगितलं की माणसं भराभर खातात. चवीला आपला माणूस बिचकत नाही, हे मी खात्रीने सांगते.

गाईड बाईंनीच एक दिवस सुचवलं, आजींना नऊ सम्राट देवांच्या उत्सवात आणा. चिनी नवव्या महिन्याचे पहिले नऊ दिवस असतात ते. पेनांगचे कितीतरी चिनी लोक तेव्हा पांढरे कपडे घालतात आणि मांस-मासे वर्ज्य करतात. कांदा-लसूणसुद्धा नाही. रस्त्यावर पिवळे झेंडे लागतात, शाकाहारी गाडे ओळीने उभे राहतात. मी कॅलेंडर काढलं आणि बघतच राहिले. 2019 साली उत्सवाचा पहिला दिवस 29 सप्टेंबर, आणि आपली घटस्थापनाही 29 सप्टेंबरलाच.

आजींना फोन करायला मला दोन दिवस लागले. त्या आल्या, नातीला घेऊन आल्या. पहिल्या संध्याकाळी त्या स्वतः गाड्यापाशी गेल्या, गाईड बाईंनी शिकवलेले होक्कियनचे दोन शब्द म्हणाल्या, आणि गाडेवालीने हसून झेंड्याकडे बोट दाखवलं. सोयाबीनच्या पापुद्र्यांचं कालवण, तळलेलं तारो म्हणजे अळूचा कंद, मशरूमच्या रश्शातल्या नूडल्स. आजी सगळं खात होत्या आणि प्रत्येक घासाआधी एकदा गाईड बाईंकडे बघत होत्या. गाईड बाई मान हलवायच्या. त्या आजींना ‘पाट्टी’ म्हणायला लागल्या होत्या, तमिळमधली आजी.

मग 2020चा मार्च आला आणि मलेशियाची दारं बंद झाली ती 1 एप्रिल 2022ला उघडली. त्या दोन वर्षांबद्दल फार लिहिणार नाही. ऑफिस सोडलं, जाऊबाईच्या घरच्या माडीवर टेबल टाकलं. गाईड बाईंना आगाऊ दिलेले पैसे परत मागितले नाहीत. त्यांचं घर त्यावर थोडे महिने चाललं. पुन्हा गेलो तेव्हा आमच्या जुन्या वाटेवरचे तीन गाडे उठले होते. दोघांनी वयामुळे थांबवलं, तिसऱ्याचं कुणी सांगू शकलं नाही. मुलं या कामात यायला तयार नसतात. पहाटे चारला उठून रस्सा चढवायचा आणि दिवसभर आगीपुढे उभं राहायचं, त्यांना दोष कसा द्यायचा? डिसेंबर 2023पासून भारतीयांना व्हिसाविना जाता येऊ लागलं आणि आमचे फोन पुन्हा वाजायला लागले. एका तुकडीत आठ जण, नववा घेत नाही.

आता दर वर्षी मी दोन पंचांगं समोर ठेवून बसते. दोन्हीकडे अधिक महिने नेहमी एकाच वर्षी येत नाहीत, त्यामुळे मेळ नेहमी बसत नाही. 2025 साली नवरात्र सप्टेंबरात आलं आणि त्यांचा उत्सव ऑक्टोबरच्या शेवटी. 2026 साली मात्र त्यांचा पहिला दिवस 10 ऑक्टोबर, आपली घटस्थापना 11ला. त्या तुकडीच्या आठ जागांपैकी दोन आम्ही जाहिरात करण्याआधीच बाजूला ठेवल्यात. आजी आता एक्याऐंशीच्या आहेत, पुढे चालायचं जमत नाही म्हणतात. गाईड बाईंनी पहिल्या थांब्यासाठी घराजवळचा, पायऱ्या नसलेला गाडा शोधून ठेवलाय.