चक्रवाक रंगीत, वानर कृष्णधवल: या हंगामाचा हिशेब

हिवाळ्यात हौसेने ‘कृष्णधवल’ नावाचा फोल्डर उघडला होता. हतनूर धरणावर काढलेल्या पक्ष्यांच्या फोटोंच्या फायली त्यातून एकेक करत परत रंगीतात गेल्या, उन्हाळ्यातल्या सातपुड्याच्या मात्र बऱ्याच टिकल्या. आता मी मूडबिड बघत नाही. रंग काढल्यावर जनावर मागच्या पसाऱ्यातून सुटं दिसतं का, एवढंच बघतो.

चक्रवाकाचंच घ्या. चांगदेवच्या बाजूला, तापी-पूर्णेच्या संगमाजवळ, जोडी उथळ पाण्यात चरत होती. रंगीत फाइलमध्ये केशरी अंग निळ्या पाण्यावर उठून दिसतं. सॅच्युरेशन (रंगाची तीव्रता) शून्यावर नेलं आणि पक्षी पाण्यात विरघळला, कारण दोन्हींचा उजळपणा जवळपास सारखा, म्हणून राखाडीही एकच. (हरणांना गवतातला वाघ चटकन दिसत नाही त्याचं एक कारण याच जातीचं: केशरी आणि हिरव्यातला फरक त्यांना नीट कळत नाही.) मग ब्लॅक अँड व्हाइट मिक्सरमध्ये (एकेका रंगाची राखाडी छटा गडद-फिकी करायची सोय) निळा खाली ओढला, नारिंगी वर चढवला. पाणी काळवंडलं, पक्षी उजळला. फिल्मच्या जमान्यात लेन्सवर नारिंगी फिल्टर चढवून लोक हेच करायचे. पण निळा फार ओढला की पाण्यात नॉइज, म्हणजे दाणेदारपणा, उठतो आणि पंखांच्या कडेला पांढरी रेघ येते. एवढा खटाटोप करून रंगीतापेक्षा सरस काही हाती येईना. शेजारी जाळं आवरणाऱ्या भाऊंना स्क्रीन दाखवली तर म्हणाले, “रंगच काढून टाकला त पक्षी वयखाचा कसा?” चक्रवाकापुरतं तरी पटलं.

शेकाट्याचंही तसंच, गुलाबी पाय गेले की तो अर्धा होतो. कवड्या धीवर मुळातच काळा-पांढरा. तिथे रंग असतो तो फक्त आभाळाला. तो काढला, काही बिघडलं नाही. चास आणि वेडा राघू यांची सगळी शोभा रंगातच, त्यांच्या वाटेला जाऊच नका.

खरी मजा मे महिन्यात, सातपुड्यातल्या पालच्या जंगलात. सागाला पान नाही, आणि सकाळी नऊलाच ऊन इतकं कडक की पाचोळा, दगड, धूळ सगळं एकाच तपकिरीत. तिथे रंग काही सांगतच नाही. एक वानर फांदीवर पाठीशी ऊन घेऊन बसलं होतं. कानामागचा केस न् केस उजळलेला, भुवयांचे राठ केस पुढे आलेले, आणि मध्ये कोळशासारखा काळा चेहरा. एक्सपोजर केसांवर धरलं, चेहऱ्याचा तपशील नंतर रॉमधून (कॅमेऱ्याने टिपलेली मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल) वर काढला. रंगीत फाइलमध्ये नजर मागच्या पिवळट पाचोळ्याकडे पळायची. कृष्णधवलात ती डोळ्यांवर थांबते.

रानपिंगळा या छोट्या घुबडाच्या जुन्या फायलीही याच नजरेने पुन्हा काढल्या. 1884 नंतर ज्याचा पत्ता नव्हता आणि 1997 मध्ये जो शहाद्याजवळ पुन्हा सापडला, तोच हा. साध्या पिंगळ्याचं डोकं ठिपक्यांनी भरलेलं, याचं जवळजवळ कोरं. ओळखीचा बराचसा भार नक्षीवर असल्याने रंग काढूनही तो ओळखू येतो. पिवळे डोळे तेवढे हातचे जातात. नोंदीसाठी द्यायची प्रत मात्र मी रंगीतच ठेवतो.

सेटिंगचं थोडक्यात: कॅमेरा मोनोक्रोमवर, फाइल रॉ. मिररलेसच्या व्ह्यूफाइंडरमध्ये जागेवरच काळं-पांढरं दिसतं आणि रॉमध्ये रंग शाबूत राहतो. नुसत्या जेपेगवर काढणाऱ्यांनी जपावं, त्यात गेलेला रंग परत येत नाही. संध्याकाळी कमी उजेडात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 6400 वर नेल्यावर येणारे रंगीत ठिपके कृष्णधवलात निघून जातात, उरलेला दाणा चालून जातो. फोकस हुकलेला असेल तर मात्र काहीही करा, हुकलेलाच.

पावसाळ्यात सगळं हिरवंगार झालं की मिक्सरमधल्या हिरव्या-पिवळ्याची परीक्षा नीलगाईंवर घेणार आहे. नर निळसर करडा, मादी पिवळट तांबूस. दोघं एकाच फ्रेममध्ये आले तर एकीसाठी सरकवलेल्या स्लायडरने हिरव्यावरचा दुसरा कितपत सुटा राहतो ते बघायचंय. कोणी करून पाहिलं असेल तर सांगा.