दारावरचा ओरखडा आणि सेंट्री मोडचे चित्रीकरण

गेल्या आठवड्यात पार्किंगमधून गाडी बाहेर काढण्यापूर्वी डाव्या बाजूच्या मागच्या दारावर वीतभर लांबीचा ओरखडा दिसला. त्या रात्री मी माझ्या टेस्लाच्या सेंट्री मोडने, म्हणजे गाडी उभी असताना आसपासच्या हालचाली कॅमेऱ्यांत टिपणाऱ्या सोयीने, साठवलेले चित्रीकरण प्रथमच नीट, म्हणजे शेजारी वही ठेवून आणि वेळा टिपत, पाहिले. तोवर असे चित्रीकरण पाहणे म्हणजे गाडीच्या पडद्यावर घटनेचा क्षण दाखवणाऱ्या लाल ठिपक्यापाशी जाऊन चार सेकंद बघणे, एवढीच माझी समजूत होती. त्या रात्री एका निरपराध माणसावर आळ घेण्याच्या अगदी काठावर मी जाऊन आले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आधी थोडे यंत्रणेविषयी. गाडीला बाहेरच्या बाजूने आठ कॅमेरे असले, तरी माझ्या गाडीत त्यांपैकी चारांचेच चित्रण पेनड्राइव्हवर जाते: पुढचा, मागचा आणि दोन्ही बाजूंच्या पुढच्या मडगार्डवरील इंडिकेटरजवळचे दोन. नव्या हार्डवेअरच्या गाड्यांमध्ये दारांमधल्या खांबांवरचे कॅमेरेही आता त्यात आले आहेत. पेनड्राइव्हवर ‘टेस्लाकॅम’ नावाचे फोल्डर असते आणि त्यात तीन कप्पे असतात. एकात अलीकडच्या तासाभराचे चित्रण फिरत राहते, दुसऱ्यात आपण स्वतः जपून ठेवलेले असते आणि तिसऱ्यात सेंट्रीने टिपलेल्या घटना असतात. प्रत्येक घटनेचे वेगळे फोल्डर बनते, त्यात घटनेपूर्वीच्या सुमारे दहा मिनिटांचे चित्रण असते, आणि तेही मिनिटामिनिटाच्या तुकड्यांत, प्रत्येक कॅमेऱ्याची वेगळी फाइल करून. म्हणजे एका घटनेमागे चाळीसेक फायली. त्या दिवशीच्या घटना चौदा होत्या. चारही कॅमेऱ्यांचे सगळेच चित्रण पाहायचे म्हटले असते, तर नऊ तासांहून अधिक वेळ लागला असता.

साहजिकच मी प्रत्येक फोल्डरमधले लहान चित्र पाहून निवड करू लागले, आणि चूक तिथेच झाली. दुपारी दोन वाजून बारा मिनिटांच्या घटनेच्या चित्रात करड्या सदऱ्यातला एक माणूस माझ्या मागच्या दाराशी वाकलेला दिसत होता. डाव्या मडगार्डवरच्या कॅमेऱ्याची फाइल उघडली, तर त्याचा हात दारावरून सरळ मागे सरकताना दिसला. मी ते दृश्य पाच-सहा वेळा पाहिले, आणि दर वेळी माझी खात्री वाढतच गेली. रागावलेल्या माणसाने एकच दृश्य पुन्हा पुन्हा पाहण्यात मोठा धोका असतो, कारण प्रत्येक वेळी नवे काही दिसत नाही, फक्त आपले मत घट्ट होत जाते.

सुदैवाने पेनड्राइव्हवरची मूळ फोल्डरे संगणकावर उतरवून घेतली होती, त्यामुळे व्हीएलसी या व्हिडिओ पाहण्याच्या प्रोग्राममध्ये एकेक फ्रेम पुढे सरकवत पाहणे शक्य झाले. या चित्रणात सेकंदाला साधारण छत्तीस फ्रेम असतात, त्यामुळे हाताची हालचाल अगदी कणाकणाने उलगडते. त्यानंतर त्याच मिनिटाची मागच्या कॅमेऱ्याची फाइल शेजारी उघडली. दोन्ही फायली जुळवण्यासाठी नुसत्या नावातल्या वेळेवर विसंबले नाही; मागून गेलेल्या एका पांढऱ्या व्हॅनची सावली दोन्हीकडे कोणत्या क्षणी जमिनीवर पडते, ते पाहून जुळवणी केली. मागच्या कॅमेऱ्याच्या कडेला त्या माणसाचा कोपर आणि हात स्पष्ट दिसत होते. हात दारापासून चांगला फूटभर दूर होता. तो त्याच्या पायाशी पडलेली किल्ली उचलत होता.

मडगार्डवरचा कॅमेरा गाडीच्या अंगाला लागून मागे पाहतो. त्या तिरप्या कोनातून दार जेमतेम एका पट्टीएवढे उरते, आणि त्या पट्टीसमोर येणारी कोणतीही वस्तू तिला चिकटलेली भासते, मग ती दोन बोटे दूर असो वा दोन हात. शिवाय या चित्रणात आवाज नोंदवला जात नाही, त्यामुळे घासल्याचा किंवा आदळल्याचा आवाज ऐकून खातरजमा करण्याची सोयही नाही. स्पर्श झाला असे म्हणायचे असेल, तर दुसऱ्या कोनाची साक्ष हवी, किंवा गाडी किंचित हलल्याची खूण हवी. ती खूण मागच्या कॅमेऱ्यात उत्तम सापडते: गाडीला धक्का बसला की समोरची स्थिर भिंतच हलल्यासारखी दिसते. करड्या सदऱ्याच्या दृश्यात भिंत तसूभरही हलली नव्हती.

मग मी उलट दिशेने गेले. त्या माणसाच्या आधीच्या घटनांमध्ये दारावर ऊन पडलेले होते, आणि तिरप्या उन्हात ओरखडा बारीक पांढऱ्या रेघेसारखा चमकतो, हे मी प्रत्यक्ष दारापाशी टॉर्च धरून पडताळून घेतले होते. बारा वाजताच्या चित्रणात रेघ होती. साडेदहाच्या चित्रणात नव्हती. आता शोध दीड तासात आला, आणि त्या दीड तासात एकच घटना होती, जी मी लहान चित्रात रिकामी जागा दिसल्यामुळे वगळली होती. तिच्यात सातव्या मिनिटाला सायकल हाताने ढकलत नेणारा एक मुलगा दोन गाड्यांमधल्या चिंचोळ्या जागेतून गेला. त्याचे लक्ष पुढच्या चाकाकडे होते, हँडलचे टोक दाराला टेकले, भिंत पुसटशी थरथरली, आणि तो मागे न पाहता पुढे निघून गेला. त्याला ते कळलेसुद्धा नसावे, असे मला त्याच्या चालण्यावरून मनापासून वाटते.

सेंट्री मोड सतत चालू ठेवण्याची किंमत बॅटरीतून मोजावी लागते, आणि बॅटरी वीस टक्क्यांखाली गेली की तो आपोआप बंद होतो, हे अनेकांना ठाऊक असते. त्या चित्रणात येणाऱ्या माणसांविषयी मात्र आपण फार कमी बोलतो. नेदरलँड्सच्या डेटा संरक्षण प्राधिकरणाने २०२३च्या फेब्रुवारीत या मोडची चौकशी संपवली, तेव्हा कंपनीने सेटिंगमध्ये केलेले बदल नोंदवतानाच, चित्रणाची कायदेशीर जबाबदारी गाडीच्या मालकाची आहे, असे त्या प्राधिकरणाने स्पष्ट केले. मला ही भूमिका योग्य वाटते. गाडी माझी, ती तिथे उभी करण्याचा निर्णय माझा आणि मोड चालू करणारे बोटही माझेच. त्या चौदा घटनांत मी मोजली तेवढी एकतीस माणसे होती, आणि त्यांतल्या तिघांनी गाडीच्या काचेत पाहून केस सारखे केले होते. त्यांनी माझे काहीही बिघडवलेले नव्हते.

ही घटना घडली त्या दुपारीच मी ते लहान चित्र एखाद्या गटात टाकून ‘याला कोणी ओळखते का’ असे विचारले असते, तर उत्तर नक्की मिळाले असते, आणि किल्ली उचलणाऱ्या त्या माणसाला ते आयुष्यभर पुरले असते. म्हणून आता माझा क्रम ठरलेला आहे. आधी फोल्डर आहे तसे उतरवून घेणे, मग लहान चित्रांवर विश्वास न ठेवता खूण कधी उमटली याची वेळ दोन्हीकडून आवळत नेणे, आणि स्पर्शाच्या क्षणाला किमान दोन कॅमेरे साक्षी असल्याशिवाय कोणाविषयीही मत न बनवणे. लहान चित्राचा उपयोग फक्त पहिल्या चाळणीपुरता, तोही घाई नसताना.

मुलाच्या सायकलीचा नव्वद सेकंदांचा तुकडा विम्यासाठी लागला तर असू द्यावा, म्हणून मी वेगळा ठेवला. दुसऱ्या दिवशी रंगकाम करणाऱ्याने पॉलिशने काम भागेल असे सांगितले, तेव्हा तो तुकडाही काढून टाकला, आणि उरलेली तेरा फोल्डरे त्याच वेळी पुसली.