पत्त्याचा रकाना

गोव्यातल्या फोंड्याच्या बसस्थानकावर त्या मावशींना मी तीन-चार वेळा पाहिलं होतं. कापडी पिशवी मांडीखाली दाबून बसलेल्या. चाळीस वर्षं एकाच घरात काम केलं, मालकीणबाई वारल्या आणि मुलांनी घर विकायला काढलं. आपल्या आसपास अशी माणसं किती, ते मला बँकेतून निवृत्त झाल्यावर दिसायला लागलं. आधी वेळ नव्हता असं मी सांगते. खरं तर बघितलंच नव्हतं.

अशा बेघर माणसांसाठी काहीतरी करायचं आम्ही चौघांनी ठरवलं, पण डोक्यात वृद्धाश्रम नव्हता. एक घर, एक चूल, पाच-सहा माणसं आणि ज्याची किल्ली त्याच्याकडे, एवढंच. मंगेशीला, कवळ्याला देवळांच्या अग्रशाळा, म्हणजे धर्मशाळा आहेत, पण त्या भाविकांच्या दोन-चार रात्रींसाठी.

घर शोधायला वेळ लागणार नाही असं वाटलं होतं, कारण गोव्यात कुलूप लागलेल्या घरांना तोटा नाही. मालक मुंबईला नाहीतर परदेशी. दार चतुर्थीला उघडतं, गणपतीवर फळं-पानं बांधलेली माटोळी उतरली की पुन्हा बंद. पण "माणसं ठेवायची आहेत" म्हटलं की समोरच्याच्या तोंडी पहिला शब्द मुंडकार, म्हणजे भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जागेत त्याच्या संमतीने घर करून राहिलेला माणूस. 1975चा कायदा भाटकाराने मुंडकाराला घराबाहेर काढू नये म्हणून आला आणि कितीतरी कुटुंबं त्यामुळे तरली. भाटकारांच्या पोरा-नातवंडांकडे मात्र त्याची धास्तीच वारशाने आली आहे. सात घरं नाही म्हणाली. आठव्याचे मालक तर फुकट द्यायला निघाले होते! आमच्या वकिलांनीच त्यांना थांबवलं: थोडं का होईना, भाडं घ्या, संस्थेच्या नावाने अकरा महिन्यांचा करार करा, भाडेकरू मुंडकार ठरत नाही. दान नको, भाडं घ्या, अशी विनवणी करणारे आम्ही पहिलेच असू. मालकांची एकच अट होती. देवघर आणि त्याला लागून असलेली खोली त्यांची, चतुर्थीला ते येणार.

आता करार संस्थेच्या नावाने, म्हणजे संस्था हवी. संस्था नोंदणीच्या 1860च्या कायद्याने सात माणसं लागतात आणि आम्ही चौघं. पाचवी माझी नणंद. सहावे आणि सातवे गृहस्थ "सही करतो, मीटिंगला बोलावू नका" या बोलीवर आले. (सातवे आता दर रविवारी मासळी घेऊन येतात.)

किती माणसं ठेवायची यावर भांडण झालं. दोन मोठ्या खोल्या होत्या, एकेक साधारण 150 चौरस फुटांची. कुणी म्हणालं दहा खाटा बसतील. बसल्याही असत्या. पण केंद्राच्या शहरी बेघर निवाऱ्यांच्या योजनेत माणशी किमान 50 चौरस फूट धरलेत, तो कागद मी मीटिंगमध्ये टेबलावर ठेवला. म्हणजे एका खोलीत तीन, एकूण सहा. प्रत्येकाला कुलूपवालं पत्र्याचं कपाट, हाही हट्ट माझाच. रस्त्यावर झोपलेल्या माणसाचं पहिलं काय जातं, तर पिशवी. आणि पिशवीतच कागद असतात.

खरी अडचण पुढेच होती. पोलिसांकडे राहणाऱ्यांची माहिती द्यायची तर ओळखपत्र हवं. ओळखपत्राला पत्ता हवा. बसस्थानकावरच्या त्या मावशी आधारचा फॉर्म पुढ्यात घेऊन मला म्हणाल्या, "बाय, पत्तो कितें बरोवं?" (पत्ता काय लिहू?) मी घर क्रमांक सांगितला. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, पुरावा? करार संस्थेच्या नावावर, वीजबिल मालकाच्या नावावर आणि मावशींच्या नावावर काहीच नाही. त्या कार्यालयात आम्ही पाच खेपा घातल्या.

वाट निघाली ती आधारच्या ठराविक नमुन्यातल्या दाखल्याने. आमदार, राजपत्रित अधिकारी किंवा सरपंच त्यावर सही करू शकतात. दाखला तीन महिनेच चालतो, आणि सही-शिक्का फोटोवरून अर्धा कागदावर उतरलेला लागतो. आमचा पहिला शिक्का फोटोच्या खाली, सुबक, एका बाजूला पडला होता. परत पाठवला. दुसऱ्या वेळी मी सरपंचांच्या टेबलापाशीच उभी राहिले आणि शिक्का नेमका कुठे मारायचा ते बोटाने दाखवलं. ते हसले, पण मारला तिथेच.

आधारवर नवा पत्ता आला, तशी राज्य सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेची फाइल हाती घेतली. महिन्याला 2,000 रुपये, पण गोव्यात पंधरा वर्षं राहिल्याचा दाखला हवा. चाळीस वर्षं राहिल्याचा पुरावा कुठला, तर जिथे भांडी घासली त्या घराशेजारची दोन कुटुंबं. दोघांनी प्रतिज्ञापत्रं दिली. फाइल अजून फिरतेय.

घरात तंटे होतातच. सुंगटाच्या (कोलंबीच्या) कढीत सोलं, म्हणजे आमसुलं किती टाकायची यावरून दोन दिवस अबोला होता. चतुर्थीला मालक आले, तेव्हा माटोळीच्या सुपाऱ्या आणि कांगलां ही रानफळं मावशींनीच बांधली. त्यांच्याइतकी घट्ट गाठ त्या घरात कुणाला येत नव्हती. मालकांच्या पत्नी गप्प बसून बघत होत्या.

परवा कराराचं नूतनीकरण झालं. भाडं तेवढंच. एक कलम नवीन घातलंय: पुढच्या चतुर्थीआधी विहीर उपसून द्यायची. आता पंपवाल्याच्या मागे लागले आहे.