एट माईलच्या दक्षिणेला, सायकलवरून

डेट्रॉइटच्या आसपास मराठी माणसांना तोटा नाही. गाड्यांच्या कंपन्यांमुळे नोव्ही, ट्रॉय, कँटन ही उपनगरं आपल्या लोकांनी भरली आहेत. खुद्द डेट्रॉइट मात्र त्यातल्या कित्येकांनी स्टेडियमपुरतंच पाहिलंय. नव्याने आलेल्याला पहिला सल्ला ठरलेला: एट माईल रोडच्या, म्हणजे शहराच्या उत्तर हद्दीच्या, दक्षिणेला उगाच जाऊ नकोस. मी जातो, तेही सायकलवर, म्हटल्यावर मंडळातल्या काकू माझ्या बायकोकडे काळजीने बघतात.

1950 साली या शहरात साडेअठरा लाख माणसं राहत होती. 2020 च्या जनगणनेत जेमतेम 6 लाख 39 हजार. रस्ते मात्र तेव्हाच्याच मापाचे. ग्रॅशट अव्हेन्यूवर दुपारी इतकी जागा मोकळी असते की पुण्याच्या माणसाला हेवा वाटावा. अडचण अशी की मोकळा रस्ता दिसला की गाडीवाले सुसाट सुटतात. आतल्या गल्ल्यांत एखादं नांदतं घर, पुढे चार प्लॉट नुसतं गवत, मग खिडक्यांना फळ्या ठोकलेलं एक घर. गुन्हे होतात, ते नाकारण्यात अर्थ नाही. अंधार पडल्यावर मीही काही गल्ल्या टाळतो. पण रोजचा वैताग देतात त्या फुटक्या बाटल्यांच्या काचा, खड्डे आणि मोकाट कुत्री. पूर्वी दिव्यांचीही बोंब होती. 2016 अखेरपर्यंत शहराने सुमारे 65 हजार एलईडी दिवे बसवले, तेव्हा कुठे रात्रीचे खड्डे दिसायला लागले.

आमच्यासारखे घट्ट कपडे घालून, महागडी सायकल गाडीवर लादून येणारे इथे काटक वगैरे नाहीत. पंक्चर झालं की आम्ही फोन काढतो. खरे काटक म्हणजे रात्रपाळीला निघालेले. डेट्रॉइटमधला गाडीचा विमा देशातल्या सर्वात महागड्यांत गणला जातो, त्यामुळे गाड्यांच्या या राजधानीत गाडीच परवडत नाही असे लोक भरपूर आहेत. जानेवारीत, बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकलेलं असताना, जीन्स आणि जाड जॅकेटवर पेडल मारणारा एकजण मला सिग्नलला भेटला. थंडी वाजत नाही का, विचारलं. म्हणाला, बसची वाट बघत उभं राहिलं की जास्त वाजते.

या रात्रपाळीवाल्यांकडून मी एक गोष्ट उचलली. ओसरीवर बसलेल्या प्रत्येकाला हात करायचा आणि 'व्हॉट अप, डो' म्हणायचं, म्हणजे इथलं 'काय, कसं काय?'. नजर चुकवून पळणारा इथे लगेच डोळ्यांत भरतो.

एकट्याने धीर होत नसेल तर स्लो रोल आहे. 2010 मध्ये काही मित्रांनी सुरू केलेली ही सोमवार संध्याकाळची फेरी. उन्हाळ्यात शेकड्यांनी लोक येतात, चौक अडवायला स्वयंसेवक असतात, आणि शहराच्या पूर्वेकडच्या सायकल क्लबांच्या सायकली म्हणजे लांबलचक हँडल, रंगीत दिवे, मागे दणदणीत स्पीकर. उन्हाळ्यात इकडे येणार असाल तर कळवा. गॅरेजमध्ये जाड टायरची एक जादा सायकल आहे. ब्रेक तेवढे दुरुस्त करून ठेवतो.